खाली दुकाने, वर घर: काळ्या मातीवरील छोट्या इमारतीचा सांगाडा कसा ठरवावा

आपला प्रश्न असा आहे. लातूर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी रस्त्याला लागून आपला ३० बाय ५० फुटांचा प्लॉट आहे आणि त्याच्या एका बाजूस शेजाऱ्याचे घर अगदी खेटून आहे. तळमजल्यावर पूर्ण रुंदीच्या शटरची दोन दुकाने आणि वर राहण्यासाठी दोन मजले, असे २७ बाय ४० फुटांचे बांधकाम आपल्याला करायचे आहे. खोदून पाहिले असता सहा फूट काळी माती आणि त्याखाली मुरूम लागला. ठेकेदाराने सगळीकडे ९ बाय १२ इंची कॉलम, त्यात १२ मिलिमीटरच्या सहा सळया आणि पाच फूट खोलीवर ४ बाय ४ फुटांचे फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा रुंद पाया, सुचवले आहे. पहिला मजला रस्त्याच्या बाजूने चार फूट पुढे काढायचा आहे आणि दहा-बारा वर्षांनी आणखी एक मजला चढवण्याचाही विचार आहे. एवढ्याने काम भागेल का, आणि आरसीसी सांगाड्याऐवजी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या कॉलम-बीमऐवजी, भिंतींवर भार घेणारे बांधकाम स्वस्त पडेल का, असे आपण विचारले आहे.

या इमारतीला आरसीसी सांगाडाच लागेल. ठेकेदाराचे फूटिंग अपुरे आहे आणि चुकीच्या थरावर आहे. त्याचे कॉलम सरळ खाली येणारे वजन पेलतील, परंतु जमीन हलली असता तळमजला सावरण्याची ताकद त्यांत नाही. आपली मुख्य अडचण समोरची दोन शटरे ही आहे, आणि तिच्यावरचा उपाय कागदावर असतानाच करता येतो.

भिंतींवर भार घेणाऱ्या बांधकामाबद्दल आपल्या भागात जी भीती आहे, तिचे कारण सर्वांना ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि त्यांतील बहुतेक जण दगड-मातीच्या जाड भिंती व माळवदाचे वजनदार छत यांखाली सापडली. त्या भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, कोपरे एकमेकांत गुंफलेले नव्हते आणि घराला चहूबाजूंनी कवेत घेणारी एकही पट्टी नव्हती. म्हणून दोष भार घेणाऱ्या भिंतीचा नसून न बांधलेल्या भिंतीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सिमेंटच्या मसाल्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, जोते, लिंटेल आणि छत या तिन्ही पातळ्यांवर सलग आरसीसी पट्ट्या, कोपऱ्यांत आणि दारे-खिडक्यांच्या कडांना पायापासून छतापर्यंत गेलेल्या उभ्या सळया, एवढे केले तर लहान खोल्यांचे एक-दोन मजल्यांचे घर भूकंपातही उत्तम वागते. भिंती आधी दातेरी कडा ठेवून बांधायच्या आणि मग त्यांच्या मधल्या फटींत बारीक उभे कॉलम ओतायचे, ही बंदिस्त भिंतींची पद्धतही चांगली आहे. गांधीनगरच्या आयआयटीने आपल्या आवारातील निवासी इमारती याच पद्धतीने बांधल्या आहेत. आपण नुसते घर बांधणार असता तर मी हीच पद्धत सुचवली असती. मात्र या पद्धतीला दोन्ही दिशांनी पुरेशा लांबीच्या आणि वरपासून खालपर्यंत एकाच रेषेत उतरणाऱ्या भिंती लागतात. आपल्या तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला भिंतच नाही, म्हणून सांगाडा घ्यावा लागतो.

आता उभ्या भाराचा हिशेब पाहू, कारण ठेकेदाराचे म्हणणे कुठपर्यंत बरोबर आहे ते त्यातून कळते. २७ फूट रुंदीत कॉलमच्या तीन रांगा आणि ४० फूट लांबीत चार रांगा घेतल्या, तर एकूण बारा कॉलम होतात आणि मधल्या कॉलमच्या वाट्याला साधारण ४ मीटर बाय ४ मीटर, म्हणजे १६ चौरस मीटर क्षेत्र येते. पाच इंची स्लॅबचे वजन एवढ्या क्षेत्रात ५ टन, फरशी व तिच्याखालील थराचे २ टन, माणसे व सामान यांसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला २०० किलो धरून ३ टनांहून थोडे अधिक, आतल्या साडेचार इंची भिंतींचे ५ ते ६ टन, आणि बीम व कॉलम यांचे स्वतःचे अडीच टन, अशी बेरीज मजल्यामागे १८ टनांपर्यंत जाते. असे दोन मजले, गच्चीचे सुमारे १२ टन आणि जोत्याच्या पातळीचे ५ टन मिळून त्या एका कॉलमवर साधारण ५३ ते ५५ टन भार येतो. दीडपट सुरक्षितता धरली की आकडा ८२ टनांच्या आसपास जातो. एम २५ प्रतीचे काँक्रीट (‘एम’पुढचा आकडा जितका मोठा तितके ते बळकट) खरोखर मिळाले, तर ९ बाय १२ इंची कॉलम बारा मिलिमीटरच्या सहा सळयांसह सरळ दाबाखाली साधारण ९० टन घेतो. काँक्रीट एम २० निघाले तर तोच कॉलम ७८ टनांवर येतो, म्हणजे अपुरा ठरतो. गावोगाव असे कॉलम वर्षानुवर्षे उभे दिसतात, कारण रोजच्या उभ्या वजनाला ते जेमतेम पुरतात. ते उभे आहेत म्हणून पुरेसे आहेत, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

फूटिंगच्या बाबतीत जेमतेमही पुरत नाही. ४ बाय ४ फूट म्हणजे दीड चौरस मीटर, आणि त्यावर ५५ टन ठेवले की जमिनीवर चौरस मीटरला ३६ टनांहून अधिक दाब येतो. चांगल्या घट्ट मुरमाची वहनक्षमता २० टन धरली, तरी फूटिंगच्या स्वतःच्या वजनासह ३ चौरस मीटर, म्हणजे पावणेसहा फूट चौरस फूटिंग लागते. शिवाय पाच फुटांवर मुरूम नाहीच, तेथे अजून काळी माती आहे. तिची क्षमता आठ-दहा टन धरली तर फूटिंग आठ-नऊ फुटांचे होईल आणि तेरा फुटांवर असलेल्या पुढच्या फूटिंगपर्यंत जेमतेम चार-पाच फूट मोकळे राहतील. एवढे करूनही तिच्या फुगण्याचा प्रश्न शिल्लक राहील. पाण्याने फुगणारे खनिज काळ्या मातीत भरपूर असते, त्यामुळे ती पावसाळ्यात इमारत उचलू पाहते आणि उन्हाळ्यात आकसून आधार काढून घेते. हा खेळ कडेच्या कॉलमखाली जास्त आणि मधल्या कॉलमखाली कमी होतो, आणि या फरकामुळेच खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात.

आपल्याकडे मुरूम सहा फुटांवर आहे, हे मी नशीबच समजतो. सगळी फूटिंग काळी माती पूर्ण ओलांडून घट्ट मुरमात किमान दीड फूट रुतवावीत, म्हणजे तळ साडेसात फुटांवर येईल. एकच खड्डा पाहून थांबू नये. प्लॉटच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत खड्डे घ्यावेत आणि मुरूम हाताने चुरगळणारा आहे की पहारीला दाद न देणारा आहे, ते अभियंत्याने स्वतः उतरून पाहावे. मातीच्या प्रयोगशाळेचा अहवाल घेतला तर उत्तमच, कारण त्याचा खर्च एका फूटिंगच्या खर्चाहून फारसा अधिक नसतो. काळी माती बारा-पंधरा फूट खोल असती तर मी बुडाशी फुगीर कंद असलेल्या पाइलचा मार्ग घेतला असता. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले हे पाइल काळ्या मातीत साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल नेतात, म्हणजे ऋतुमानाप्रमाणे हलणाऱ्या थराच्या खाली ते नांगरले जातात. आपल्याला त्याची गरज नाही.

जोत्याच्या पातळीवर सर्व कॉलम दोन्ही दिशांनी बीमने बांधावेत. या बीमखाली काळी माती थेट टेकू देऊ नये, तीन-चार इंचांची पोकळी ठेवावी, नाहीतर फुगणारी माती बीमलाच वर ढकलते. दुकानांच्या फरशीखाली खोदाईतून निघालेली काळी माती परत भरणे हा आपल्याकडचा सर्वांत सार्वत्रिक आणि सर्वांत महाग पडणारा आळस आहे. वरची तीन-साडेतीन फूट काळी माती काढून टाकावी आणि न फुगणारा मुरूम आठ इंचांच्या थरांत पाणी मारून, रॅमरने दाबत भरावा. मुंबईच्या आयआयटीतील डॉ. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर सुमारे एक मीटर जाडीचा न फुगणाऱ्या चिकण मुरमाचा थर देण्याची जी पद्धत मांडली, तिचे तत्त्व हेच आहे. इमारतीभोवती जेथे जागा आहे तेथे चार-पाच फुटांची फरसबंदी बाहेर उतार देऊन करावी. पावसाचे आणि सांडपाण्याचे नळ तिच्या पलीकडे सोडावेत, आणि शौचालयाची टाकी पायापासून जमेल तितकी दूर घ्यावी.

शेजाऱ्याच्या बाजूची कॉलमरांग वेगळ्या विचाराची आहे. तेथे फूटिंग हद्दीपलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून ठेकेदार कॉलम फूटिंगच्या एका कडेवर उभा करतात, आणि मग ते फूटिंग कलते व कॉलमला पिळते. त्या फूटिंगला आतल्या फूटिंगशी स्ट्रॅप बीमने, म्हणजे दोन फूटिंगांना बांधणाऱ्या ताठ बीमने, जोडणे किंवा दोन कॉलमांना मिळून एकच फूटिंग देणे, हे दोनच योग्य मार्ग आहेत. शेजाऱ्याचा पाया बहुधा आपल्या तळापेक्षा उथळ असेल, म्हणून तेथील खोदाई सलग चर काढून करू नये. एक खड्डा खणावा, फूटिंग ओतून भरावा आणि मगच पुढचा घ्यावा. हे काम पावसाळ्यात काढू नये. दोन्ही घरांच्या भिंती एकमेकींना न टेकवता मध्ये अभियंत्याने काढलेल्या मापाची फट ठेवावी, कारण भूकंपात दोन इमारती वेगवेगळ्या लयीत डोलतात आणि खेटून असल्या तर एकमेकींवर आदळतात.

आता आडव्या बलाकडे येतो. आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत लातूर परिसर भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात आहे. १९९३ पूर्वी हाच भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात गणला जात असे, हे लक्षात ठेवावे. आपल्या इमारतीचे वजन ढोबळमानाने ३०० टन होईल. खास लवचीक सांगाड्यासाठी या आवृत्तीनुसार त्याच्या चार टक्के, म्हणजे सुमारे १२ टन आडवे बल पायाशी धरायचे. हा आकडा छोटा वाटतो, पण तो पाचाने भागून आलेला आहे. सांगाडा अजिबात न वाकता, ताठ राहून हा हादरा घ्यायचा म्हटले तर बल ६० टन येते. बीमची टोके वाकतील, तेथे भेगा पडतील, सळई ताणली जाईल, पण काहीही तुटून खाली येणार नाही, या भरवशावर मानक पाचपट सूट देते. तो भरवसा रिंगा (मुख्य सळयांना वेढणारी बारीक सळई), त्यांचे हूक आणि सांधे यांच्या बांधणीतून येतो. जो ही बांधणी करत नाही त्याने सूट घेतली पण तिची किंमत चुकवली नाही, असा त्याचा अर्थ होतो. छोट्या इमारतींच्या नकाशांवर ‘भूकंपरोधक’ असा शिक्का असतो आणि जागेवर रिंगेचे हूक नव्वद अंशांत वाकवलेले असतात, तेव्हा नेमके हेच घडलेले असते.

आपल्या आराखड्यात दुसरीही एक उणीव आहे. वरच्या दोन मजल्यांवर विटांच्या भरपूर भिंती असल्याने ते मजले ताठ आहेत. तळमजल्यावर बाजूच्या दोन भिंती आणि दोन दुकानांमधली भिंत या रस्त्याला काटकोनात आहेत, म्हणून त्या दिशेने इमारत मजबूत आहे. परंतु रस्त्याला समांतर दिशेने तळमजल्यावर फक्त मागची भिंत आहे आणि समोर शटरे आहेत. त्या दिशेने जमीन हलली की वरचे ताठ मजले एकसंध पेटीसारखे सरकतील, सगळी हालचाल तळमजल्याच्या कॉलमांत एकवटेल, आणि मागची बाजू अडलेली व पुढची मोकळी असल्याने इमारत स्वतःभोवती पिळली जाऊन समोरच्या तीन कॉलमांवर सर्वाधिक ताण येईल. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांतील अनेकींचा तळमजला वाहनतळासाठी असाच मोकळा सोडलेला होता. तळमजल्याचे कॉलम मोडले आणि वरचे मजले सरळ खाली बसले.

यावर माझा उपाय असा आहे. २७ फुटांच्या दर्शनी रुंदीत दोन्ही टोकांना चार-चार फुटांच्या, आठ इंच जाडीच्या आरसीसी भिंती रस्त्याला समांतर घ्याव्यात, मध्ये एक फुटाचा कॉलम राहील आणि नऊ-नऊ फुटांची दोन शटरे बसतील. या भिंती पायापासून गच्चीपर्यंत अखंड न्याव्यात, त्यांना एकट्या कॉलमपेक्षा मोठे संयुक्त फूटिंग द्यावे आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्या या दोन भिंतींमधल्या मोकळ्या भागात बसवाव्यात. दुकानाचे दर्शन थोडे कमी होते याची मला कल्पना आहे, आणि रस्त्यावरच्या गाळ्याचे भाडे शटरच्या रुंदीवर ठरते हेही खरे आहे. तरीही या आठ फुटांवर मी तडजोड करणार नाही. नुसते कॉलम मोठे करून हेच साधायचे ठरवले तर ते इतके मोठे होतात की दुकानाची आतली जागाच खातात, आणि पिळण्याचा प्रश्न तसाच राहतो.

बाकीचे कॉलम १२ बाय १८ इंची, म्हणजे ३०० बाय ४५० मिलिमीटरचे घ्यावेत, असे मी सुचवतो. आयएस १३९२० या लवचीक बांधणीच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची लहान बाजू ३०० मिलिमीटरहून कमी चालत नाही, आणि बीमची जी सर्वांत जाड सळई कॉलमात शिरते तिच्या वीसपट बाजू असावी लागते. नऊ इंची भिंतीत कॉलम लपावा म्हणून २३० मिलिमीटरचा कॉलम घेण्याची आपल्याकडची रूढी येथेच बाद होते. कॉलम भिंतीबाहेर तीन इंच दिसला तर दिसू द्यावा, कपाटे आणि दुकानांचे रॅक त्याला सहज सामावून घेतात. दुसरे कारण असे की ९ बाय १२ इंची कॉलमवर ९ बाय १८ इंची बीम आणि त्यावर स्लॅब आला की सांध्यात बीम बलवान आणि कॉलम दुबळा ठरतो. बीम वाकला तर एका खोलीचे नुकसान होते, कॉलम वाकला तर मजला बसतो. म्हणून मानक सांगते की सांध्यावर मिळणाऱ्या कॉलमांची एकूण वाकण-क्षमता बीमांच्या किमान १.४ पट असावी. हा हिशेब आपल्या अभियंत्याकडून लेखी मागून घ्यावा.

रिंगांबद्दल मी थोडे अधिक सांगणार आहे, कारण जीव वाचवणारा आणि स्वस्तात होणारा असा हा एकच भाग आहे. ३०० मिलिमीटरच्या कॉलममध्ये वरच्या आणि खालच्या टोकांना प्रत्येकी किमान ५०० मिलिमीटर लांबीत रिंगांचे अंतर ७५ मिलिमीटर हवे, कारण कॉलमच्या लहान बाजूचा चौथा हिस्सा ही मर्यादा येथे लागू पडते. मधल्या भागात ते १५० पर्यंत चालते. ४५० मिलिमीटरच्या बाजूला मध्ये आडवी कडीही लागते. बीम-कॉलमच्या सांध्याच्या पोटातही रिंगा हव्यातच. तेथे बीमच्या सळयांची गर्दी असते म्हणून फिटर त्या गाळतो, आणि भूकंपात सांधा फुटतो तो तेथेच. रिंगेचा हूक १३५ अंशांत आत वळवून त्याची शेपटी ६५ मिलिमीटरहून कमी ठेवू नये, कारण नव्वद अंशांचा हूक सळईवरचा काँक्रीटचा थर उडाला की उघडतो आणि मग रिंग असून नसल्यासारखी होते. आता खर्च पाहावा. बारा कॉलम, तीन मजले आणि ८ मिलिमीटरची सळई धरून या जादा रिंगांचे वजन ३०० ते ३५० किलो भरते. या आकाराच्या इमारतीला एकूण बारा-तेरा टन लोखंड लागेल, म्हणजे वाढ तीन टक्क्यांच्याही आत आहे. मजुरी थोडी वाढते आणि फिटर कुरकुरतो, म्हणून हे कलम करारातच लिहावे.

त्याच ओघात कॉलमच्या सळयांचा जोड. स्लॅबच्या लगेच वर दोन फूट सळया सोडून तेथेच जोड देण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि ती नेमकी चुकीच्या जागी आहे, कारण कॉलमवर सर्वाधिक ताण टोकांनाच येतो. जोड उंचीच्या मधल्या अर्ध्या भागात घ्यावा. त्यासाठी १६ मिलिमीटरच्या सळया स्लॅबवर पाच फुटांहून थोड्या अधिक वर सोडाव्या लागतात, आणि एकाच जागी अर्ध्याहून अधिक सळया जोडता येत नाहीत.

पुढे काढायच्या चार फुटांबद्दल माझा आग्रह आहे की ते तीन फुटांवर आणावे आणि त्यांच्या कडेवर विटांची भिंत न ठेवता गॅलरीचा कठडा ठेवावा. नऊ इंची भिंतीचे वजन मीटरला बाराशे किलोच्या घरात जाते, आणि ते अधांतरी टोकावर ठेवणे म्हणजे बीमला मुळाशी सर्वाधिक वाकवणे. त्या टोकावर कॉलम उभा करून वरचा मजला नेण्याचा विचार कोणी सुचवल्यास तो पूर्णपणे नाकारावा, कारण त्या कॉलमचा भार सरळ जमिनीत जात नाही. बाहेर काढलेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. ओतकामाच्या दिवशी मजूर तिच्यावरून चालतात, ती दबून खाली जाते आणि गॅलरीची ताकद तेथेच संपते. सळई उचलून धरणाऱ्या पुरेशा चेअर लावून आणि चालण्यासाठी फळ्या टाकून ती जागेवर राखावी.

दुकानांत पोटमाळा करण्याची इच्छा भाडेकरूंना हमखास होते. त्याचे बीम कॉलमच्या मध्यावर गाडले की कॉलम आखूड होतो, आखूड कॉलम अधिक बल ओढून घेतो आणि तिरपा फुटतो. पोटमाळा हवाच असेल तर स्वतःच्या पायांवर उभा असलेला, कॉलमांपासून सुटा लोखंडी सांगाडा करावा. तसेच पहिला मजला पुढे कधी कोठार किंवा दुकान म्हणून देण्याची शक्यता असेल तर ती आताच सांगावी. राहत्या खोल्यांना चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, दुकानांना ४०० आणि कोठारांना किमान ७५० धरावा लागतो, आणि हा फरक बांधून झाल्यावर भरून निघत नाही. जुलै २०१७ मध्ये मुंबईत घाटकोपर येथे चार मजली इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा तिच्या तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते. दोन दुकानांमधली भिंत, कॉलम आणि समोरच्या आरसीसी भिंती यांना हात लावायचा नाही, हे भाडेकरारात स्पष्ट लिहून घ्यावे.

काँक्रीट एम २५ चे ठरवावे, आणि ते घमेल्यांच्या अंदाजाने न करता प्रयोगशाळेतून मिश्रणाचे प्रमाण काढून घ्यावे. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीमागे वाळूतील ओलावा धरून २५ लिटरहून अधिक पाणी जाता कामा नये. काँक्रीट सहज सरकावे म्हणून मिक्सरमध्ये ओतलेली प्रत्येक जादा बादली ताकद कमी करते. सरकणे हवे असेल तर त्यासाठी रसायने आहेत आणि व्हायब्रेटर आहे. कॉलम दहा फुटांवरून एकदम ओतू नये. दीड मीटरहून अधिक उंचीवरून पडलेल्या काँक्रीटमधील खडी वेगळी होऊन बुडाशी उघडी पडते, आणि ती नेमकी सर्वाधिक ताणाची जागा असते. मराठवाड्यात बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी खारट आहे, म्हणून कामाआधी त्याची तपासणी करावी. आरसीसीसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही. स्लॅबवर आळी करून आणि कॉलमला गोणपाट गुंडाळून किमान दहा दिवस पाणी मारावे, आणि त्या पाण्याची तजवीज नसेल तर मार्च ते मे या काळात स्लॅब ओतण्याची घाई करू नये. आधारांमध्ये चार मीटर अंतर असलेल्या स्लॅबचे टेकू सात दिवसांआधी आणि बीमचे चौदा दिवसांआधी काढू नयेत.

पुढच्या वाढीव मजल्यासाठी फूटिंग, तळमजल्याचे कॉलम आणि आरसीसी भिंती आताच चार स्लॅबच्या भाराने डिझाइन करून घ्याव्यात. नंतर कॉलमला जाकीट, म्हणजे भोवती नव्या काँक्रीटचे वेष्टन, घालता येते, पण भरलेल्या जोत्याखालील फूटिंग वाढवणे जवळजवळ अशक्य असते. गच्चीवर सोडलेल्या सळया दहा वर्षांत गंजून बारीक होतात, म्हणून त्यांच्यावर सिमेंटचा लेप देऊन कमी ताकदीच्या काँक्रीटची टोपी ओतावी, ती वेळ आल्यावर फोडता येते. पाण्याची टाकी कॉलमांच्या डोक्यावर येणाऱ्या बीमांवर ठेवावी. दोन हजार लिटरची टाकी म्हणजे दोन टन, ती स्लॅबच्या मध्यावर नको.

अभियंत्याशी बोलताना केवळ कॉलम-बीमच्या आकारांचा तक्ता घेऊन परतू नये. फूटिंग, स्ट्रॅप बीम, सांधा, रिंगांचे अंतर आणि सळयांच्या जोडाची जागा दाखवणारे मोठ्या मापाचे नकाशे मागावेत. खड्ड्याचा तळ उघडा असताना, फूटिंगची जाळी बांधल्यावर, प्रत्येक मजल्याच्या कॉलमच्या रिंगा बांधून झाल्यावर पण सेंट्रिंग लावण्याआधी, आणि प्रत्येक स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी त्याने स्वतः जागेवर येऊन वहीत सही करावी, असे त्याच्या मानधनातच ठरवावे. त्या सहीशिवाय ठेकेदाराला पुढचा हप्ता देऊ नये.